गोळीतला चावटपणा

लोकांच्या डोळ्यांत बघून चष्म्याचा नंबर काढणं हा आमच्या ह्यांचा धंदा. खाली दुकान, वर घर. अख्ख्या गल्लीचे डोळे ह्यांना पाठ, फक्त बायकोचे सोडून. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तरी चहा दिला की हात तेवढा पुढे यायचा. मान वर करायला जणू वेगळी फी लागत होती.

मग कंपवात आला. हात थरथरू लागले, फ्रेमचा स्क्रू बसेना, चेहरा इस्त्री मारल्यासारखा सपाट झाला. डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी दिली आणि मला बजावलं, "वागण्यात बदल दिसला तर लगेच सांगायचं हं. ह्या गोळीने काहींच्या मनाचा ब्रेक सैल होतो. कुणाला खरेदीचा नाद लागतो, कुणाला जुगाराचा, कुणाला चावटपणाचा."

मी मनात म्हटलं, ह्यांना? चावटपणा?

महिन्याभरात हात चालू लागले. जरा जास्तच चालू लागले. मी भांडी घासत होते, तर मागून कमरेला चिमटा! मला वाटलं, झुरळ. वळून बघते तर हे, डोळा मारत उभे.

"अहो, वयाचं भान आहे का?"

"तू लाजलीस की अजून तश्शीच दिसतेस."

अजून? म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तर!

मग रोजच सुरू झालं. एकदा तर जावयासमोर माझ्या गालाला हात लावला. जावई बिचारे छताकडे बघत बसले, लेक मात्र माझ्यावर डोळे वटारून होती. दर खेपेला डॉक्टरीणबाई विचारायच्या, "काही बदल?" मी साळसूदपणे म्हणायची, "छे, काही नाही." मला सगळं कळत होतं. पण आवडत होतं, त्याला मी काय करू?

आणि एके दिवशी दुकानात एक बाई नंबर तपासायला आल्या. मी गल्ल्यावर होते. ह्यांनी त्यांच्या नाकावर फ्रेम चढवली, भिंग घातलं आणि समोरचा तक्ता वाचायला लावायच्या ऐवजी म्हणाले, "काय डोळे आहेत हो तुमचे!" वर त्यांच्या गालावरून बोट फिरवलं.

बाई ताडकन उठल्या. फ्रेम काउंटरवर आपटली आणि दार धाडकन लावून गेल्या. हे फ्रेम उचलत म्हणाले, "मला थांबताच आलं नाही गं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग ह्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त. माझ्या हौसेपायी एका परक्या बाईचा अपमान झाला होता. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि तडक दवाखाना गाठला.

"कधीपासून चाललंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"परवापासून," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं.

गोळी हळूहळू कमी झाली. चावटपणा गेला, चेहरा परत सपाट झाला. दुकानात आता लेक बसते. हे खिडकीपाशी खुर्चीत असतात, शर्टाची बटणं मी लावते.

काल बटणं लावताना म्हणाले, "इतके महिने डॉक्टरला का नाही सांगितलंस?"

मला रडू आलं. "बरं वाटत होतं म्हणून. गोळीमुळे का होईना, बघत तरी होतात माझ्याकडे."

ह्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना. मग मान सावकाश वर आली, नजर माझ्या तोंडावर ठरली आणि दोन्ही पापण्या हळूच मिटल्या. उघडायला बराच वेळ लागला.

"झोप आली का?" मी विचारलं.

"नाही गं. एकच डोळा मिटायचा होता. दुसराही बरोबर आला."