चुन्याचा डबा सुटला

सुकरी नवऱ्याशी, फागूशी, बोलली. पण तिच्या मते ती बोललीच नाही, तेव्हा आपणही काही ऐकलं नाही असं धरू.

नागलीच्या राखणीला कुणी जायचं यावरून दोघांत अबोला होता. एकाने दिलेली तंबाखू दुसऱ्याने घेतली की भांडण मिटतं, ही पाड्याची रीत. पण फागूच्या हातून सुकरी ती घेईना. तो जव्हारच्या दरबारात झाडलोट करायचा. तिथून मोडीत निघालेली किल्लीची, खेळण्यातली आगगाडी त्याला मिळाली होती. त्याने चुलीभोवती गोल रूळ मांडले. एका डब्यात तंबाखू, मागच्यात चुना भरला. लांबून ओढताच दोन्ही डबे सुटून सुकरीपुढे थांबावेत म्हणून कडीला दोरा बांधला.

फक्त कडी चुकली; दोरा इंजिनामागच्या कडीऐवजी दोन डब्यांमधल्या कडीला बसला होता. चुना सुकरीपुढे थांबला आणि तंबाखू इंजिनामागून फिरून फागूकडेच परत आली.

"काय रं, नुसता चुनाच चाटू का?" सुकरी म्हणाली. मग हसू दाबत, "पुढचं भांडण मी माहेरी करीन, पोशेऱ्याला!"

दुसऱ्या दिवशी फागूने दरबारात अर्ज दिला: जव्हार ते पोशेरा आगगाडी सुरू व्हावी व तंबाखू-चुन्याच्या शेवटच्या दोन डब्यांच्या कडीचा दोरा अर्जदाराच्या हाती असावा, ही नम्र विनंती.