सहलेखकाचं नाव

पेनेवनं पेन्सिल ओली केल्यासारखी ओठाला लावली आणि यादीतली आणखी एक ओळ खोडली.

"हाही हवाला गेला. वेल्चेवांचाच आहे."

टेबलापलीकडे नेवेना कार्चेवा मुठी मांडीत दाबून बसली होती. आयुष्य तिनं दगडफुलाच्या अभ्यासात घालवलं. प्लॉवदिवच्या विद्यापीठात प्राध्यापक व्हायची ही तिची शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय आड येणार होतं. इतरांनी तिच्या लेखांचे किती हवाले दिले, ते समितीचा हा सचिव मोजत होता. दगडफुलाकडे बघणारी जगातली सगळी माणसं एका बसमध्ये मावतील, आणि त्यांतली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत. पण किती हवाले हवेत, ही अट सगळ्यांना एकच. शेजारच्या खोलीतला बोयान कर्करोगाच्या औषधांवर काम करतो. गेल्या वर्षी एकाच लेखाच्या जोरावर तो ती पार करून गेला आणि रीतीप्रमाणे मजलाभर चॉकलेटं वाटून आला. तसाच एक डबा आज नेवेनाच्या पिशवीत होता.

"सरांचे का खोडताय?"

"सहलेखकाचे हवाले धरत नाहीत, कार्चेवाबाई. या वसंतातल्या लेखावर तुम्हा दोघांची नावं आहेत."



त्यांच्याकडे विभागप्रमुखाचं नाव प्रत्येक लेखावर लागायचं, मग त्यानं तो वाचलेला असो वा नसो. डोंगरावरून आणलेल्या दगडफुलांवरच्या नेवेनाच्या पहिल्या लेखावरचं आपलं नाव मात्र तेव्हाचे विभागप्रमुख वेल्चेव यांनी स्वतः काट मारून काढलं. झालं! पोरीचं काम एवढं कच्चं, की सरांना नावसुद्धा नको, असं मजलाभर झालं. तिनंही तेच खरं मानलं आणि वर्षानुवर्षं नमस्कारापलीकडे त्यांच्याशी शब्द बोलली नाही. शेवटी एकदा, नाव का काढलंत, असं तिनं विचारलंच. "मी त्या डोंगरावर चढलो होतो का?" एवढंच ते म्हणाले. त्यानंतरचा हिवाळा दोघांनी भिंग घेऊन जुने नमुने लावण्यात काढला, आणि त्यातून झालेल्या या वसंतातल्या लेखावर त्यांचं नाव लागलं.

पेनेवनं दाराकडे बघून आवाज खाली आणला.

"तो लेख यादीतून काढा. मग वेल्चेव सहलेखक नाहीत, त्यांचे सगळे हवाले परत धरता येतील. तुमचं काम होऊन जाईल. त्यासाठी, या लेखात सहलेखक म्हणवण्याइतकं त्यांचं काम नव्हतं, एवढं एका ओळीत लिहून सही करा. जा, कॉफी पिऊन या."

कॉफीच्या यंत्रापाशी वेल्चेव टाय लावून बसले होते. अभिनंदन करायलाच आले होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"मग काढ की!" ते म्हणाले. "त्यात काय एवढं? माझं नाव काढायची मला सवय आहे."

"मी बोलत नव्हते, तेव्हाही तुम्ही माझे हवाले देत होतात?"

"तू बोलत नव्हतीस. तुझं काम बोलत होतं ना." त्यांनी रिकामा कप चुरगाळला. "जा आता. वेडेपणा करू नकोस. या वयात माझ्या नावाला कोण विचारतंय?"

ती परत आत गेली. पेनेवनं कोरा कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं होतं. तिनं पेन उचललं. मग तिनं ते कागदावर आडवं ठेवलं.

"हिवाळाभर ते माझ्या शेजारी बसले होते," ती म्हणाली. "डोळ्यांतून पाणी येईपर्यंत भिंगातून बघत होते. ते बसलेच नव्हते, असं लिहून देऊ?"

"फक्त एक ओळ आहे हो, बाई. नीट विचार करा."

"लेख यादीत राहू दे."

पेनेवनं कोरा कागद परत घेतला. मग त्यानं फाइल मिटली.

बाहेर येऊन तिनं पिशवीतून डबा काढला. कागद फाटल्याचा आवाज ऐकून बोयान खोलीतून धावतच आला.

"झालात! अभिनंदन, प्राध्यापकबाई!"

"नाही झाले."

बोयानचा पुढे आलेला हात तिथंच थांबला.

"मग... चॉकलेटं कशाची?"

"आमचा लेख छापून आला ना वसंतात. वाटायची राहिली होती."

बोयान एक चॉकलेट घेऊन आत गेला. ती यंत्रापाशी आली आणि तिनं डबा पुढे धरला. वेल्चेवांनी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"गाढव आहेस तू," ते म्हणाले. "शुद्ध गाढव."

"घ्या, सर."

त्यांच्या बोटांना चॉकलेटवरचा कागद सुटेना. तिनं तो सोडवून दिला. ते खाली बघत चघळत राहिले.

"बरं आहे," ते म्हणाले, आणि दुसऱ्यासाठी त्यांनी हात पुढे केला.