पायरीवरचा ढेकर

सव्वाअकराला, मधल्या सुट्टीत, चौथीतल्या चिमणीने साधं पाणी पिऊन भोंग्याला ढेकरात हरवलं.

भोंगा पाचवीतला. कॅन्टीनमागच्या पायऱ्यांवर त्याचं राज्य. तिथे बसायचं तर हातात लाल सोड्याची बाटली हवी आणि पोटातून दणदणीत ढेकर निघायला हवा. चिमणीला सोडा नाकात झोंबायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणून ती खाली, नळाजवळ, एकटी. तिच्या बाकावरची मैत्रीण मात्र पायरीवर जाऊन बसली होती, आणि चिमणीला ती परत हवी होती. त्यापायी तिचा डबा रोज अर्धा उरत होता.

तोडगा मामाने काढला. मामा जेवताना मागाल तेव्हा ढेकर द्यायचा आणि आजीची बोलणी खायचा.

"मामा, सोड्याशिवाय कसं काय रे जमतं?"

"सोड्याचं काय घेऊन बसलीस! हवा गिळायची, दाबून धरायची, मग सोडायची. फक्त तुझ्या आईला सांगू नकोस, मला घराबाहेर काढेल."

आठवडाभर गच्चीवर सराव झाला.

आज ती नळावर बाटली भरून थेट पायरीपाशी गेली.

"आली पाणीवाली!" भोंगा म्हणाला. "बाळाला दूध नाही मिळालं वाटतं?"

"तू आधी."

भोंग्याने अर्धी बाटली घशाखाली उतरवली आणि तो नावाला जागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. चिमणी दोन घोट पाणी प्यायली. मान ताणून तिने हवा गिळली, थांबली. मग जे निघालं, त्याने आत कॅन्टीनवाल्या काकांच्या हातातलं झाकण खणखणत खाली पडलं.

"कोण रे तो?" काका ओरडले.

"तो नाही काका, ती!" मैत्रीण किंचाळली.

भोंग्याने चिमणीची बाटली हिसकावली, हुंगली, एक घोट घेतला. "पाणीच आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

मैत्रीण पायरी उतरून चिमणीला खेटून उभी राहिली. "खरं सांगू? मलाही झोंबायचं गं."

"मग प्यायचीस कशाला?"

"सगळे प्यायचे ना."

"माझं तर पोट दुखायचं," वरच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं. मग तिथे बराच वेळ कुणी बाटली तोंडाला लावली नाही.

शाळा सुटताना नळावर रांग होती. काकांचा फ्रीज अजून लाल सोड्याच्या बाटल्यांनी भरलेला आहे. भोंग्याने सोमवारी पुन्हा सामना मागितला आहे. तो काय पिऊन उतरणार, हे त्याने कुणालाही सांगितलेलं नाही.