कॉपर केटलवर दोनशे पौंड

माझ्या काउंटरपुढे जाड काच आहे. ती नसती तर त्या रविवारी मी टीव्हीत हात घालून फॅनशॉ साहेबांचा टाय धरला असता. एकवीस वर्षं मी न्यूमार्केटच्या, म्हणजे इंग्लंडातल्या शर्यतींच्या गावच्या, हाय स्ट्रीटवर घोड्यांवरच्या पैजा घेते आहे. हरलेल्यांच्या शिव्या खाते, जिंकलेल्यांचा माज सोसते, आणि मला सहसा राग येत नाही. तेव्हा आला, आणि अजून गेलेला नाही.

हिल्डा क्रॅक्नेल माझी शाळेपासूनची मैत्रीण. फॅनशॉ साहेबांचे घोडे ज्या तबेल्यात असतात, तिथे ती चाळीस वर्षं मोतद्दार. खोलीही तबेल्याचीच, म्हणजे नोकरी सुटली की खोलीही सुटली. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे जूनअखेर ती निवृत्त होणार होती. लोस्टॉफ्टला समुद्राकाठी एक जुनी कॅरव्हॅन, गाडीला जोडायचं छोटं घर, विकायला होती, चाकं काढून कायमची रोवलेली. किंमत दहा हजार पौंड. हिल्डाच्या सगळ्या बचतीत त्या कॅरव्हॅनचं दारसुद्धा आलं नसतं.

पण तिच्या हाताखाली साहेबांची किटी होती. कागदोपत्री नाव कॉपर केटल, तांबूस घोडी, लिलावात कोणी बोली लावीना म्हणून स्वस्तात आलेली. पहिल्या दिवसापासून हिल्डानेच तिला खरारा केला, खाऊ घातलं, पेपरमिंटच्या गोळ्यांची चटक लावली. नोव्हेंबरात हिल्डा दुकानात आली आणि काचेखालून दोनशे पौंड सरकवले.

"हजार गिनींची शर्यत. कॉपर केटल, जिंकणार. भाव काय देतेस?"

मेमधली ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची, त्यातही माद्यांचीच. वर्षातली मानाची. इतक्या आधी पैसे लावले तर भाव भरपूर मिळतो, पण घोडी त्या दिवशी उभीच राहिली नाही तर पैसे बुडतात. "पन्नासास एक," मी म्हणाले, म्हणजे जिंकली तर दोनशेचे दहा हजार. "पण माझं ऐक, दुसरा भाव घे. तेहतिसास एक. घोडी धावली नाही तर पैसे परत."

"म्हणजे ती धावणार नाही असं मीच लिहून देऊ?"

"अगं, तसं नाही गं. तिला खोकला होईल, पाय मुरगळेल..."

"ग्लेनिस, तोंड आवर. अपशकुन करू नकोस."

आमच्या गावात हे असंच असतं. मोतद्दार कधीच पैसे परत मिळणारा भाव घेत नाही. स्वतःच्या घोडीवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं ना! मी नोव्हेंबरातच भांडायला हवं होतं. भांडले नाही. पन्नासचा भाव लिहिला, चिठ्ठी दिली.

एप्रिलमध्ये किटीने सरावाची शर्यत सहज मारली आणि तिचा भाव सहावर आला. सगळं गाव तिच्यावर पैसे लावायला लागलं. आमचे नॉबीकाका, पूर्वीचे घोडेस्वार, रोज येऊन विचारायचे, "हिल्डाबाईंनी कॅरव्हॅनला पडदे घेतले का?" हिल्डाने खरंच घेतले होते. पिवळे, ठिपक्यांचे.

शर्यत रविवारी. धावणाऱ्या घोड्यांची शेवटची यादी शुक्रवारी लागते. शुक्रवारी सकाळी यादी माझ्या संगणकावर आली. मी ती तीनदा वाचली. लेडी सेलविन होती. कॉपर केटल नव्हती.

लेडी सेलविनही फॅनशॉ साहेबांचीच. त्यांच्या वडिलांनी उभारलेल्या पैदास केंद्रात जन्मलेली, सात पिढ्यांची वंशावळ असलेली. ही जिंकली तर साहेबांच्या सगळ्या घोड्यांची किंमत वाढणार. लिलावातल्या उरल्यासुरल्या घोडीने तिला मागे टाकलं तर शोभा व्हायची. म्हणून किटीला घरी ठेवलं. आजारी नाही, लंगडत नाही. ठणठणीत घोडी! मालकाची मर्जी, नियमात बसतं. कुठे तक्रार करणार?

दुपारी हिल्डा आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"साहेबांशी बोललीस?" मी विचारलं.

"काय बोलू? त्यांची घोडी."

"आणि तुझे दोनशे पौंड? तुझी कॅरव्हॅन?"

"पैज मी लावली, त्यांनी नाही." मग खाली बघत म्हणाली, "रविवारी लेडी सेलविनला मीच घेऊन जाणार आहे. ती गर्दीत बिथरते. माझ्याच हातात शांत राहते."

"हिल्डा! त्या माणसाची घोडी तू नेणार? सोड तो दोर नि जा घरी!"

"घोडीने माझं काय वाईट केलंय?" ती म्हणाली. इतका संताप आला मला! साहेबांचा आलाच, पण हिल्डाचा जास्त.

रविवारी दुकान खच्चून भरलेलं. टीव्हीवर हिल्डा दिसली, इस्त्रीचा कोट घालून, लंगडत. लेडी सेलविन डोळे वटारत होती, आडवी पळत होती. हिल्डा तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहिली. सुरुवातीच्या जागेपर्यंत घोडी कोकरासारखी गेली. आणि जिंकली, मानेच्या लांबीने. दुकानात कोणी ओरडलं नाही. नॉबीकाका म्हणाले, "ती शर्यत हिल्डाने जिंकलीय. आणि आपली तांबडी असती तर चार घोड्यांच्या अंतराने जिंकली असती."

मग विजेत्यांच्या आवारात साहेब आले. टोपी, हसू, पुढ्यात माइक. मालकाने जिंकलेल्या घोडीच्या मोतद्दाराला हातात बक्षिसी द्यायची, ही आमची जुनी रीत. साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघत पाकीट पुढे केलं. हिल्डाने ते घेतलं नाही. कोटाच्या खिशातून माझ्या दुकानाची चिठ्ठी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

साहेबांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. त्यांच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, लाज नव्हती, काहीच नव्हतं. त्यांना खरंच गंमत वाटली.

"पन्नासास एक! वा! पण बाई, ही तर धावलीच नाही," असं म्हणून ते हसले आणि चिठ्ठी परत दिली.

मी काचेवर मूठ आपटली. कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

"धावली असती, साहेब," हिल्डा म्हणाली, आणि लेडी सेलविनला घाम फुटला होता म्हणून तिला फिरवायला घेऊन गेली.