नार्त्तंगाईच्या सालीची बिअर

वास मी घ्यायचा आणि मत मंदारनं द्यायचं, असं आमचं वर्षभर चाललं होतं. मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याला ताप आला, आणि जाताना तो ताप त्याची वास घ्यायची शक्तीही घेऊन गेला. घरात दूध नासलं तरी या माणसाला पत्ता नसतो. पण आमच्या बिअरवाल्या ग्रुपमध्ये तो अजून तिखट नाकाचा म्हणून मिरवायचा, कारण शेजारी मी असायचे. ग्लास आला की आधी मी हुंगायचे, हळूच ‘केळं, लवंग’ म्हणायचे, आणि मग साहेब डोळे मिटून सांगायचे की जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर अशीच हवी, केळ्याचा गोडवा पुढे आणि लवंग मागे. लोक माना डोलवायचे. सुरुवातीला मला गंमत वाटली. नंतर चीड यायला लागली, पण चारचौघांत नवऱ्याचं हसं कशाला करा, म्हणून गप्प बसायचे.

ग्रुप लहानसाच. महिन्यातून एका रविवारी दुपारी दीनानाथकाकांच्या नुंगंबाक्कमच्या फ्लॅटवर जमायचं, बाटल्या उघडायच्या आणि भांडायचं. काका काळ्या स्टाउटचे भक्त, आयपीए ही कडवट बिअर त्यांना कडुलिंबाचा काढा वाटते. मंदारला आयपीएच आवडते, निदान आवडायची. एकदा दोघांची जुंपली की समोरचे शेंगदाणे संपतात, वाद संपत नाही.

यात गिरिधर सगळ्यात नवा. तंजावरच्या जुन्या मराठी घरातला, बँकेत नोकरीला, बोलायला अतिशय मऊ. तो घरीच हौसेनं बिअर करायला शिकला होता. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, तिच्यात धणे, आणि संत्र्याच्या सालीऐवजी नार्त्तंगाईची साल. नार्त्तंगाई म्हणजे आपलं महाळुंग. त्याची आई त्याचं लोणचं घालते, सालीचा थोडा वाटा हा मागून घ्यायचा. त्या रविवारी पुदुच्चेरीहून कार्तिकेय येणार होता. त्याची छोटी ब्रूअरी आहे, आणि ग्रुपमधली जी बिअर आवडेल ती महिनाभर तो आपल्याकडे ठेवणार होता, फळ्यावर करणाऱ्याचं नाव लिहून. गिरिधरला ते नाव फार हवं होतं. लपवायचा, पण दिसायचं.

गुरुवारी मी शोळिंगनल्लूरला ऑफिसात असताना तो एक बाटली घेऊन आमच्या घरी येऊन गेला. संध्याकाळी मंदारनं मला ते ऐटीत सांगितलं.

“त्यानं स्वतः नाही चाखली?” मी विचारलं.

“नाही ना. म्हणतो, आमच्या घरात नैवेद्याआधी कुणी चाखत नाही, वाससुद्धा घेत नाही. चार लोकांना द्यायची वस्तू आधी आपण उष्टी करायला हात धजत नाही. म्हणून माझ्याकडे आला.”

“आणि तू काय सांगितलंस?”

“मस्त आहे म्हटलं. असणारच. पोरगा स्वच्छ काम करतो.”

मी कपाळावर हात मारला. “अरे, फोन कर आणि खरं सांग. दुसऱ्या कुणाला तरी दाखवू दे त्याला.”

“बघतो,” म्हणाला. त्याचं बघणं मला ठाऊक आहे.

रविवारी नेमका कार्तिकेय आमच्या दोघांच्या मध्ये बसला. गिरिधरनं सगळ्यांना ग्लास भरून दिले आणि स्वतः हात पुसत उभा राहिला. मी ग्लास नाकाशी नेला. खवट लोणी आणि ओलं पोतेरं. मुरतानाच बिअरमध्ये कसले तरी जंतू शिरले होते, सगळी बिघडली होती. काकांनी ग्लास हळूच खाली ठेवला. कार्तिकेय छताकडे बघायला लागला. सगळे थांबले होते ते मंदारसाठी, कारण पहिलं मत त्याचं, हा रिवाज. मी खोकले. त्यानं बघितलंच नाही.

“अप्रतिम!” तो डोळे मिटून म्हणाला. “धणे पुढे, मागून नार्त्तंगाई. एकदम ताजी, स्वच्छ.”

मग काका फिस्सकन हसले आणि त्यांच्यामागून सगळेच. मंदारनं काय टोमणा मारला, असंच सगळ्यांना वाटलं. मीसुद्धा हसले.

गिरिधरनं ग्लास उचलून वास घेतला. त्याचा चेहरा उतरला. “मंदारराव,” तो म्हणाला, “गुरुवारी तुम्हीच चांगली आहे म्हणून सांगटलं होतं की.”

आता तरी बोल, मी मनात म्हणत होते. एक वाक्य आहे, बोलून टाक. मंदारनं सगळ्यांकडे बघितलं आणि हात उडवला.

“अरे, जरा गंमत केली रे! नव्या माणसाची एकदा व्हायचीच.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाक गेलेला माणूस म्हणवून घेण्यापेक्षा दुष्ट म्हणवून घेणं त्याला परवडलं. आणि असल्या माणसाला मी वर्षभर शब्द पुरवले होते.

“सरि,” ठीक आहे, एवढंच गिरिधर म्हणाला. कार्तिकेयची माफी मागून त्यानं सगळे ग्लास स्वतः गोळा केले, मोरीत ओतले, उरलेल्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि निघाला. टेबलावर एक बरणी राहिली. त्याच्या आईनं मंदाररावांसाठी मुद्दाम पाठवलेलं नार्त्तंगाईचं लोणचं. ती उचलून मी त्याच्यामागे जिना उतरले.

तो फाटकाशी रिक्षाची वाट बघत होता.

“गिरिधर, त्यानं थट्टा नाही केली,” मी धापा टाकत म्हटलं. “मंदारला वास येत नाही. वर्ष झालं.”

तो गोंधळला. “मग येवढे दिवस ते केळं, लवंग, अस्कं सांगायचे, ते कसं?”

“मी सांगायचे त्याला. हळूच.”

खरं सांगते, माझं मन हलकं झालं. निदान तुम्ही तरी येऊन सांगितलंत, असं काहीतरी तो म्हणेल, असं वाटलं. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

“म्हणजे वर तुम्हांला वास आला होता.”

“हो.”

“मग तुम्ही कशाला हसल्यात, वैनी?”

रिक्षा आली. मी बरणी पुढे केली, तर तो म्हणाला, “राहू दे. परत नेली तर आई विचारेल.” पिशवी मांडीवर घेऊन तो गेला.

वरून हाक आली. मंदार गॅलरीत उभा होता, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला कार्तिकेय.

“तनया, ये ना वर! पुढची उघडायची थांबलीय!”

थांबलीय कशासाठी, ते त्या दोघांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

“आधी त्यांना सांग, तुला वास येत नाही!” मी खालून ओरडले. वॉचमनसुद्धा वळून बघायला लागला. “वर्षभर सगळं मी सांगत होते! आणि मघाशी मी हसले, तेही सांग!”

जे मी अर्ध्या तासापूर्वी वरच बोलायला हवं होतं, ते आता अख्ख्या गल्लीनं ऐकलं. ज्यानं ऐकायला हवं होतं, त्याची रिक्षा केव्हाच वळणाआड गेली होती.