पाण्यातला कान आणि भोंग्याच्या शिव्या

मी पाण्यातला कान बोलतोय. हो, कानच. दिसायला पाण्याच्या बाटलीएवढा, काळा, गुळगुळीत, एका टोकाला बोंड. हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. आज बोलतोय तो तुम्ही आपले म्हणून.

मला एकच काम येतं, ऐकायचं. कोण आलं, कोण गेलं, किती वाजता गेलं. तुमच्या समोरच्या खिडकीत असं कोणीतरी बसलेलं असतंच ना? त्या बाईला तुम्ही आगाऊ म्हणता. मी तेच करतो, तर मला शास्त्रीय उपकरण म्हणतात. नशीब एकेकाचं!

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला पाण्याच्या टबात बुडवलं, आत टिकटिक वाजवून बघितली आणि खोक्यात बंद केलं. मग ट्रक, मग बोट, मग एक अरुंद जिना. खोकं उघडलं तेव्हा मी एका बेटावर होतो, बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर. डावीकडे वाळत घातलेले मोजे, उजवीकडे चहाचा कप आणि समोर आमची बाई.

बाई शार्क माशांचा अभ्यास करायची. बेटावर तिला सगळे शार्कबाईच म्हणत. ऐन तरुणपणी ती दोन वर्षांसाठी म्हणून आली आणि तिथलीच झाली. सोबत तिची आई. आईला कोणी विचारलं, "तुम्ही इथे कशा?" की उत्तर ठरलेलं, "मुलगी शार्कांच्या मागे, मी मुलीच्या मागे. आमच्या मागे कोण आहे ते देव जाणे."

बाईचं काम बघण्यासारखं होतं. शार्क पकडून होडीला लावायची आणि अलगद उलटा करायची. उलटा केला की दातांनी भरलेला तो दांडगा प्राणी पाळण्यातल्या पोरासारखा निपचित पडतो. मग ती त्याच्या पोटात बोटाएवढी डबी ठेवायची, टाके घालायची आणि "जा राजा" म्हणून सोडून द्यायची. प्रत्येक डबीची टिकटिक वेगळी. तो शार्क माझ्या जवळून गेला की मी ओळखायचो आणि वेळ टिपून ठेवायचो. असे आम्ही बरेच कान बेटाभोवती, दोराने बांधून पाण्यात सोडलेले होतो.

अधूनमधून बाई आम्हाला वर काढायची. अंगावर शेवाळ आणि शिंपले चढलेले असायचे. आई जुना टूथब्रश घेऊन आम्हाला घासायची, अगदी न्हाऊ घालावं तसं. "किती मळलायस रे! तिकडे काय चिखलात लोळतोस?" असं बोलतही असायची. मला ते फार आवडायचं.

आता खरी गोष्ट सांगतो. टिकटिकीशिवाय मला आणखीही ऐकू यायचं. वरून होड्या जायच्या, माणसं बोलायची. पण टिपून ठेवायची मुभा फक्त टिकटिकीची. बाकीचं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यावं, तर मला दुसरा कानच नाही! सगळं पोटातच राहायचं.

बेटावरच्या लोकांना मात्र वाटायचं की ह्या डब्यात त्यांचं बोलणं भरलं जातं आणि मासेमारी खात्याच्या साहेबाकडे पोचतं. त्यामुळे माझ्यावरून जाताना होड्या चिडीचूप. एकटा भोंगा सोडून. भोंगा म्हणजे एक होडीवाला. आवाज असा की किनाऱ्यावर खोकला तर पलीकडच्या होडीतले लोक दचकायचे. त्याने उलटंच धरलं. डबा सगळं साहेबाला सांगतो ना? मग सांगू दे! माझ्यावर आला की तो इंजिन बंद करायचा, वाकायचा आणि सुरू व्हायचा.

"ए साहेबा, ऐकतोस का? तुझ्या बंदीला लागो आग! आणि त्या शार्कबाईला सांग, एवढा पुळका असेल तर शार्कांशीच लग्न कर म्हणावं!"

एकदा तोंड सुटलं की मग बर्फाच्या कारखान्याचा मालक, स्वतःचा मेहुणा, सासूबाई, कोणी सुटायचं नाही.

त्याचा राग अगदीच खोटा नव्हता. शार्क कमी होत चालले होते, हे बाईनेच सरकारी ऑफिसला कळवलं होतं. तिला वाटलं, काहीतरी शहाणपणाचं करतील. साहेबाने काय केलं? नकाशा घेतला आणि बेटाभोवती मोठा लाल गोल काढला. आतली सगळी मासेमारी बंद करायची, बारा महिने. बैठकीत भोंगा उठून म्हणाला, "साहेब, त्या गोलात माझी चूल पण आली का?" सगळे हसले, पण कोणाचा चेहरा हसरा नव्हता. मासेमारी गेली की बेट रिकामं होणार, हे सगळ्यांना कळत होतं.

बाई साहेबाला म्हणाली, "सगळं बंद करायची गरज नाही. शार्कच्या माद्या पिल्लं कुठे घालतात ते कळलं, तर तेवढीच जागा राखू."

"मग दाखवा ती जागा," साहेब म्हणाला. "पावसाळ्यानंतरच्या बैठकीत शेवटचा निर्णय."

बाईला खात्री होती की ती जागा दक्षिणेच्या वाळूपट्ट्याशी आहे. आम्हा सगळ्या कानांना तिने तिथेच नेऊन बसवलं. हंगाम सुरू झाला. आम्ही जीव कानात आणून ऐकत होतो. पण एक मादी तिकडे फिरकेल तर शपथ.

मग वादळ आलं. माझा दोर तुटला. मी गडगडत, आपटत, लाटांबरोबर बेटाला वळसा घालून उत्तरेच्या खाडीत जाऊन अर्धा चिखलात रुतलो. वाटलं, संपलं. इथे कोण येणार?

आणि तेवढ्यात, टिक.

मी दचकलो. ओळखीची टिकटिक! बाईने पहिल्याच वर्षी टाके घातलेली थोरली मादी. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. काही दिवसांत खाडीत नुसती वर्दळ! सगळ्याजणी जड अंगाने, सावकाश येत होत्या. मला काय कळायचंय, असं म्हणू नका. चालीवरून ओळखलं मी. ह्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या!

मला कोण आनंद झाला! पण सांगणार कोणाला? मी चिखलात आणि बाई दुसऱ्या टोकाला.

शेवटी जाळ्यात अडकून वर आलो, तो नेमका भोंग्याच्या जाळ्यात. खाडी त्याच्या दारातलीच. त्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सदऱ्याखाली लपवून त्याने मला घरी नेलं आणि ट्रंकेत, पांघरुणांच्या तळाशी दडपलं.

बाई दारोदार फिरत होती. "वादळात माझा एक कान गेला. कोणाला सापडला का?" मी ट्रंकेतून तिचा आवाज ऐकत होतो. भोंगा म्हणाला, "नाही बाई, आम्ही कशाला घेऊ तुमचा कान? आम्हाला आमचे दोन आहेत."

बैठक तोंडावर आली. एका सकाळी भोंग्याच्या बायकोने पांघरुणं उन्हात घालायला ट्रंक उघडली. तिला सगळं बेट आत्या म्हणतं. आत्याने मला उचललं आणि अशी हाक मारली की भोंग्याचा आवाज त्यापुढे कुजबुज वाटावा.

"हे काय लपवलंय?"

"हळू बोल! ते ऐकतंय!"

"ऐकू दे! बाई बिचारी वणवण फिरतेय आणि तुम्ही—"

"अगं, त्यात माझं सगळं बोलणं आहे! साहेबाला काय काय बोललो, मेहुण्याला बोललो... तुझ्या आईबद्दल बोललो."

आत्याने मला खाली ठेवलं. "माझ्या आईबद्दल काय बोललात?"

पुढचं सांगत नाही. त्यांच्या घरातलं आहे. एवढंच सांगतो की थोड्याच वेळात आम्ही तिघं बाईच्या जिन्यावर होतो. मी आत्याच्या हातात, भोंगा मागे, मान खाली.

"घ्या बाई तुमचा कान," भोंगा पुटपुटला. "पण आधी शिव्या पुसा, मग काय ते बघा."

"कसल्या शिव्या?"

त्याने सांगितलं. बाई आधी हसू दाबत होती, मग टेबलाला धरून हसायला लागली. "अहो, ह्याला फक्त शार्कची टिकटिक कळते! माणसाचं एक अक्षर कळत नाही!"

"म्हणजे मी इतके दिवस घसा फोडून..."

"फुकट," आईने चहा ठेवत सांगितलं. "पण मला खिडकीतून ऐकू यायचं हो सगळं. शब्द बाकी छान वापरता."

बाईने मला संगणकाला जोडलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं. पडदा भरून नावं येत होती. थोरली. दुसरी. तिसरी. सगळ्या माद्या, सगळा हंगाम. ती खुर्चीतून उठली. "हा कुठे सापडला? नेमका कुठे?"

कधी, ते मला ठाऊक होतं. कुठे, ते फक्त भोंग्याला. बोललं तर दारातली खाडी जाणार, न बोललं तर सगळ्यांचा समुद्र.

आत्याने विचारलं, "एवढ्या सगळ्याजणी कशाला आल्या होत्या गं?"

"पिल्लं घालायला, आत्या."

आत्या नवऱ्याकडे वळली. "बाळंतिणीच्या दारात जाळं टाकतं का कोणी?"

भोंग्याने एक मोठा श्वास घेतला. "उत्तरेची खाडी," तो म्हणाला. "आमच्या दारातली."

दुसऱ्या दिवशी बाई साहेबाला घेऊन खाडीत गेली. साहेबाने बूट काढले, पँट दुमडली आणि गुडघाभर पाण्यात उतरला. मी बाईच्या पिशवीत होतो, सगळं ऐकत. पाण्यात वीतभर लांबीची पिल्लं झुंडीने फिरत होती. बाईने एक अलगद धरून उलटं केलं. पोटावर नाळेची खूण अजून ओली होती.

"हे... इथेच जन्मलंय?" साहेबाचा आवाज एकदम लहान झाला.

बैठकीत लाल गोल पुसला गेला. त्याच्या जागी उत्तरेच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ आली, आणि तीही फक्त हंगामापुरती. बाकीचा समुद्र खुला! लोक बाकांवर उभे राहिले. भोंगा उठला आणि ह्या वेळी डब्यावर न वाकता, सगळ्यांसमोर गरजला, "खाडी मी राखतो! बघू कोण जाळं टाकतो ते!" बाई काहीतरी बोलायला गेली, पण आई तिचा पदर ओढून म्हणाली, "बस आता, रडायला लागशील सगळ्यांसमोर." आणि स्वतःच रडली.

ह्याला आता बरेच हंगाम झाले. पिल्लं वाढली आहेत. शार्क पुन्हा दिसू लागले आहेत आणि होड्याही भरून येतात. बाईला लांबलांबच्या बेटांवरून बोलावणी येतात, "आमच्याकडे पण कान बसवा." ती जाते, पण हंगामाला इथे परत येते.

मला बाईने पुन्हा ह्याच खाडीत सोडलं, आणि आता मी म्हातारा झालोय. बोंडाला चीर गेली आहे आणि पुढच्या वेळी वर काढलं की बहुतेक फळीवर बसवतील. माझी काही तक्रार नाही. तुमच्याकडे मागणं एकच आहे. इकडे कधी आलात तर खाडीच्या तोंडाशी जरा बेताने या, वल्ह्यांचा आवाज करू नका. इथे घरोघरी लेकुरवाळ्या...

थांबा. गप्प बसा जरा.

टिकटिक येतेय. पण ही थोरलीची नाही. ही तिच्या लेकीची आहे. ह्याच खाडीत जन्मलेली, बाईने टाके घातलेली. आणि चाल बघा, किती जड!

या, बाई, या. माहेर तुमचंच आहे.