बाळाला कुणाचं नाव?

नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमधल्या त्या गावात पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव ठेवतात. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. १९६३च्या मार्चमध्ये हिस्केला मुलगी झाली तेव्हा नाव ठरलेलंच होतं: आल्त्ये. हिस्केचे आईबाप रॉटरडॅमच्या बॉम्बहल्ल्यात गेले आणि लांबच्या नात्यातल्या आल्त्येनं तिला वाढवलं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. नवरा डाउवे नोंदणीला निघण्यापूर्वी खाली सायकलीत हवा भरत होता.

"माझं नाव नको," आल्त्ये म्हणाली.

"का गं आई? पोर तुझ्यासारखी हट्टी निघेल म्हणून?"

म्हातारी हसली नाही. बाळ झालं की तिकडे देतात तो बडीशेपेच्या गोळ्या पसरलेला टोस्ट तिनं न खाताच बशीत ठेवला.

"रॉटरडॅम खोटं होतं. तू ज्यू आहेस. तीन वर्षांची होतीस, ॲमस्टरडॅमहून एका बाईनं आणून सोडलं. नावं विचारायची नाहीत, असा नियमच होता. माहीत नसलं म्हणजे जर्मनांनी पकडल्यावर तोंडून निघत नाही."

हिस्केनं बाळ जवळ ओढलं. "आणि लढाई संपल्यावर? कुणीच आलं नाही?"

"तुझी मावशी आली. छावणीतून सुटलेली, केस नुकते वाढत होते. दारात उभं राहून तिनं तुझ्या आईचं नाव सांगितलं, तुझंही खरं नाव घेऊन हाक मारली."

"मग?"

"तुला पढवलेलं होतं ना. कुणीही आलं तरी म्हणायचं, मी हिस्के, मी हिला ओळखत नाही. तू तसंच म्हणालीस. अगदी बिनचूक."

"सहा वर्षांची होते मी. आता खरं बोललं तरी चालतं, हे सांगितलं होतं कुणी मला?"

"नाही." आल्त्येनं पदराशी चाळा करावा तसा ॲप्रनचा काठ दुमडला. "आम्हाला मूल नव्हतं गं. तिला वाटलं, आपण चुकीच्या घरी आलो. माफी मागून गेली बिचारी. मी तुला बिस्किट दिलं."

"माझ्या आईचं नाव काय होतं?"

"तेव्हा मनात ठेवलं नाही. पुढं किती वर्षं आठवून पाहिलं."

हिस्केनं ती बाई आठवून पाहिली. चेहरा येईना. आपण चुकलो नाही, याचा अभिमान तेवढा आठवला.

"कचेरी बंद होईल," जिन्यावरून डाउवे ओरडला. "आल्त्येच ना?"

"तेच लिही," हिस्के म्हणाली. "माझ्याकडे दुसरं नाही."

म्हातारी उठली आणि बाळाकडे न बघता खाली गेली.